मारुतीच्या गळ्यापासून कुंडलिकेच्या लाटेपर्यंत: पहिल्यांदा राफ्टिंगला निघालेल्या नाशिककरांसाठी

पावसाळ्यात आमच्या पंचवटीत फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मारुतीला कुठपर्यंत आलं?" काय आलं, हे कुणी सांगत नाही आणि विचारतही नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कंबरेला, छातीला, गळ्याला. एवढ्यावर आमचा पूर मोजला जातो. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये मारुती दिसेनासा झाला, तेव्हा आम्ही घरातलं सामान माळ्यावर चढवलं होतं.

एवढं पाणी पाहिलेल्या मला पोहता मात्र येत नव्हतं. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी आमच्या भिशीच्या नऊ जणींनी ठरवलं की यंदा साड्या नाहीत, डिनर सेट नाही, भिशीचे पैसे रायगडातल्या कुंडलिका नदीवर राफ्टिंगला, म्हणजे रबरी बोटीतून खळाळत्या पाण्यात वल्हवत जायला, उडवायचे. पहिला प्रयत्न साफ फसला. दुसरा जमला. त्यानंतर मी आणखी तीनदा जाऊन आले आणि दर वेळी ओळखीतलं कुणीतरी तेच ते प्रश्न विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

१. आधी गोदावरीचा विचार डोक्यातून काढा

"घरची नदी सोडून अडीचशे किलोमीटर कशाला जायचं?" हा प्रश्न माझ्या दिरांनी विचारला होता. पहिल्यांदा मलाही तो बरोबर वाटला. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सोमेश्वरच्या धबधब्यापासून खाली नदी अशी काही धावते की वाटतं, टाकावी एक रबरी बोट आणि सुटावं.

पुढे एका राफ्टिंग गाइडला मी हेच विचारलं. त्यानं मला उलट एकच प्रश्न केला: "तुमच्या नदीवर बंधारे आणि पूल किती?" मी मोजायला लागले. आनंदवल्लीचा बंधारा, होळकर पुलाखालचा बंधारा, रामसेतू, गाडगे महाराज पूल, मध्ये घाटांच्या पायऱ्या, रामकुंडाच्या आसपासची छोटी देवळं. बोटं संपायला आली तशी मी गप्प झाले.

बंधारा दिसायला साधा असतो. पाच-सहा फुटांची पाण्याची सरळ पडदी, बस. पण ते पाणी पायथ्याशी आदळून पुन्हा मागे, बंधाऱ्याकडेच वळतं. त्यात सापडलेली वस्तू खाली जाते, वर येते, पुन्हा पडदीखाली ओढली जाते. पुरात बंधाऱ्याच्या पायथ्याशी एखादा ओंडका तासन् तास गोल गोल फिरताना तुम्ही पाहिला असेल. तिथे माणूस आहे अशी कल्पना करा. डोंगरातल्या नदीचा खळाळ कितीही भयानक दिसला तरी दगडांच्या मधून पाण्याला कुठेतरी वाट असते आणि ते तुम्हाला पुढे फेकतं. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा बांधलेला. त्याला वाट नसते.

पुलांचं वेगळंच. पूर चढला की पुलाखालची मोकळी जागा कमी होते, आणि खांबांना झाडं, पाणवेली, मंडपाचे बांबू, चिंध्या असं सगळं अडकतं. त्यातून पाणी गाळून जातं, माणूस जात नाही. शिवाय शहराचं सांडपाणी. पहिल्या पुराचं पाणी तर आख्खं शहर धुऊन आलेलं असतं.

गाडगे महाराज पुलावरून पुरात सूर मारणारी आमच्याकडची पोरं आहेत, मला माहीत आहे. त्यांना नदीचा एकेक दगड पाठ आहे. तुम्हाला नाही. टायरची ट्यूब, किराणा दुकानातली फुगवायची बोट, "माझा मित्र नेतो" हे तिन्ही प्रकार पूर पाहायला आलेल्या गर्दीसाठी करमणूक आहेत आणि जीवरक्षकांसाठी डोकेदुखी.

२. पाणी कुठून येतं ते समजून घ्या

नवख्यांचा समज असा की पाऊस पडला की राफ्टिंग. आमचाही होता. खरं म्हणजे चांगलं राफ्टिंग धरणाच्या पाण्यावर चालतं, आणि ही गोष्ट समजायला नाशिककराइतका लायक माणूस नाही. गंगापूरमधून किती क्युसेक सुटलं आणि ते होळकर पुलापर्यंत कधी पोचेल याची चर्चा आपण चहाच्या टपरीवर करतो. तीच अक्कल तिकडे वापरायची आहे.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे जवळपास दोन हंडे. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर तुमच्या समोरून जातात. हा हिशेब एकदा मनात बसला की "थोडंसं पाणी सोडलंय" या वाक्याला तुम्ही फसणार नाही.

आपल्या बाजूच्या बहुतेक लोकांचं पहिलं राफ्टिंग रायगड जिल्ह्यात कोलाडला, कुंडलिका नदीवर होतं. मी ज्या पट्ट्याबद्दल लिहितेय तोही तोच. कुंडलिकेचं पाणी येतं भिऱ्याच्या वीजकेंद्रातून. पुणे जिल्ह्यात मुळशी धरणात साठलेलं पाणी बोगद्यातून आणि मोठ्या नळांमधून सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली भिऱ्याला सोडतात. त्याच्या जोरावर १९२७ पासून वीज तयार होते. जनित्रं फिरवून झाली की ते पाणी कुंडलिकेत येतं. मुळशीला धरण झालं नसतं तर हेच पाणी मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. आता ते रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. (ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, ते हेच. किनाऱ्यावर राफ्टची वाट बघत बसलात तर बरोबरच्या मुलांना सांगायला बरं.)

याचा व्यवहारातला अर्थ असा: जनित्रं चालू तर नदी भरलेली, बंद तर दगड उघडे. पाणी साधारण सकाळी सुटतं, त्यामुळे राफ्टिंगही सकाळीच. भर मे महिन्यातही तिथे राफ्ट चालते ती याच कारणानं, आणि धो धो पाऊस असूनही कधी कधी उशीर होतो तोही याच कारणानं.

आमचा पहिला प्रयत्न इथेच फसला. ज्याच्याकडे पैसे भरले होते तो म्हणाला होता, "ताई, तुम्ही कधीही या, पाणी असतंच." आम्ही मिसळ खाऊन, फोटो काढत, रमतगमत पावणेबाराला पोचलो. पाणी उतरलेलं. तरी त्यानं राफ्ट टाकली. पहिले दोन वळसे बरे गेले, मग राफ्टचं बूड दगडांवर घासायला लागलं. शेवटी नऊ बायका गुडघाभर पाण्यात उतरून राफ्ट ढकलतायत आणि काठावरची म्हैस आमच्याकडे बघतेय. पैसे अर्थातच परत मिळाले नाहीत.

३. तारीख ठरवा

जुलै-ऑगस्टमध्ये धरणाचं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र येतं. लाटा मोठ्या, मजा जास्त, पण अतिवृष्टीचा इशारा असला तर सगळं रद्द होतं आणि व्हायलाच हवं. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी सप्टेंबरचा शेवट ते डिसेंबर सांगते. नदी शहाणी असते, डोंगर हिरवे असतात, रस्त्यांवरचे खड्डे थोडे तरी भरलेले असतात. गणपती आणि दिवाळीच्या सुट्ट्या मात्र टाळा. मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तिथे असते आणि गोवा महामार्गावर कोकणातल्या गाड्यांची रांग.

शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी एका मागे एक इतक्या राफ्ट सुटतात की गाइडला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो.

पहिल्याच वेळी ऋषिकेशला जायचं मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा: तिथे जुलै आणि ऑगस्टमध्ये गंगेवर राफ्टिंग बंद असतं. रेल्वेचं तिकीट काढायच्या आधी हे बघा, नंतर नको.

४. आयोजक पारखून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा आणि नोंदणीच्या कागदाचा फोटो मागा. जो खरा आहे तो दोन मिनिटांत पाठवतो. जो "ते सगळं आहे हो, तुम्ही टेन्शन नका घेऊ" म्हणतो, त्याचं टेन्शन घ्या.

दुसरी गोष्ट, तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो राफ्ट चालवणारा आहे की मधला माणूस? इन्स्टाग्रामवर सुंदर व्हिडिओ टाकणारे बरेच जण फक्त गिऱ्हाईक गोळा करतात आणि काठावर नेऊन दुसऱ्याच्या हवाली करतात. त्यात गैर काही नाही. पण मग पाण्यात तुमची जबाबदारी कुणाची, हे आधीच कळायला हवं. सरळ विचारा: राफ्ट कुणाच्या, गाइड कुणाचे?

मी विचारते ते बाकीचे प्रश्न असे:

- त्या दिवशी पाणी किती वाजता सुटेल, आणि पाणी सुटलंच नाही तर पैसे परत की दुसरी तारीख?
- एका राफ्टमध्ये किती जण? (गाइड सोडून सहा ते आठ ठीक. दहा म्हणाला तर दुसरा बघा.)
- बरोबर सेफ्टी कयाक असते का? म्हणजे राफ्टच्या पुढेमागे छोट्या होडीतून फिरणारा, पाण्यात पडलेल्याला उचलणारा माणूस.
- लाइफ जॅकेट आणि हेल्मेट माझ्या मापाचं मिळेल का? हा प्रश्न बायकांनी आणि जाड माणसांनी न लाजता विचारायचा.
- कपडे बदलायला बंद खोली आहे का? "झाडामागे सगळेच बदलतात" हे उत्तर मला एकदा मिळालं आहे.

दर माणशी हजार ते दोन हजारांच्या घरात असतो, जेवण, मुक्काम, वार यावर कमीजास्त. कुणी पाचशेत देतो म्हणाला तर तो जॅकेटवर वाचवतोय की गाइडवर, एवढंच शोधायचं बाकी राहतं. आगाऊ रक्कम थोडीच भरा, आणि ती व्यक्तीच्या नव्हे तर व्यवसायाच्या नावावर जातेय ना ते पाठवण्याआधी स्क्रीनवर वाचा.

नदीची अवघडता १ ते ६ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे संथ वाहतं पाणी, ६ म्हणजे तिथे जाऊ नये. कोलाडचा पट्टा साधारण बारा किलोमीटरचा आणि २ ते ३ श्रेणीचा. नवख्यांना हा पुरून उरतो. "आमच्याकडे पाचची श्रेणी आहे" असं अभिमानानं सांगणारा एकजण मला भेटला होता. पाचच्या पाण्यात त्यानं पोहता न येणाऱ्या नऊ बायका घातल्या असत्या तर तो तुरुंगात गेला असता.

५. कागदपत्रं

यात फार काही नाही, पण एक राहिलं की काठावर अडतं.

- प्रत्येकाचं आधार कार्ड, मूळ नसलं तरी झेरॉक्स.
- जोखीम मान्य असल्याचा अर्ज. तो तिथेच भरून घेतात. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर मागवून घरी वाचा, कारण काठावर सगळे घाईत असतात आणि कुणी वाचत नाही.
- मुलं नेत असाल तर वयाचा पुरावा आणि आईवडिलांची लेखी संमती. बहुतेक जण चौदा वर्षांखालच्यांना घेत नाहीत. माझा भाचा साडेतेराचा होता, उंचीला माझ्यापेक्षा मोठा. गाइडनं आधार बघितलं आणि नाही म्हणाला. भाचा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. गाइडचं बरोबर होतं.
- मेडिक्लेमचं कार्ड, आणि घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर. फोन भिजतो, कागद पिशवीत राहतो.

गरोदर बायका, हृदयाचा त्रास असलेले, फिट येणारे, मणक्याचं दुखणं असलेले, नुकतंच ऑपरेशन झालेले, यांनी काठावर बसून व्हिडिओ काढावेत. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गाइडला सांगा. लपवू नका. दम्याचा पंप असेल तर तो गाइडच्या वॉटरप्रूफ पिशवीत द्यायचा.

६. अंगावर काय, पिशवीत काय

जीन्स नको. भिजली की पाच किलोची होते आणि वाळत नाही. सुती पंजाबी ड्रेस, ओढणी, लेगिंगवर लांब कुर्ता हेही नको, कारण लोंबणारं काहीही दोरीत नाहीतर दगडात अडकतं. नायलॉनची ट्रॅक पँट आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे.

पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर्स किंवा जुने बूट. चप्पल पहिल्याच लाटेत जाते. आमच्यातल्या एकीची पुढे कुठेतरी रोह्याकडे पोचली असेल.

मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण, बांगड्या घरी. भिशीत यावर बराच वाद झाला. सासूबाई काय म्हणतील वगैरे. मी गाइडला विचारलं तेव्हा तो म्हणाला की जॅकेट धरून राफ्टमध्ये ओढताना हात गळ्यापाशीच जातो. मग सगळ्यांनी काढली. चष्म्याला मागून बांधायची इलॅस्टिकची पट्टी मेडिकलच्या किंवा खेळाच्या दुकानात मिळते, नाहीतर चड्डीची नाडी बांधा, चालते. माझा पहिला चष्मा कुंडलिकेत आहे.

पिशवीत: कोरडे कपड्यांचे दोन जोड, टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी, ओआरएस, जंतुनाशक मलम, नेहमीच्या गोळ्या. पाळी असेल तर घाबरू नका, पण नुसत्या पॅडनं भागत नाही, कप किंवा टॅम्पॉन लागतो. तो वापरायची सवय आधी महिनाभर करा, त्याच सकाळी प्रयोग नको.

मोबाइल राफ्टमध्ये नेऊ नका. पारदर्शक पिशवी गळ्यात अडकवून नेणारे खूप आहेत, आणि पाण्यात पडल्यावर जॅकेटऐवजी तीच पिशवी धरणारेही खूप आहेत.

७. घरच्या घरी थोडा सराव

पोहता येणं सक्तीचं नाही. पण पाठीवर तरंगता यायला हवं, असं माझं मत. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावावर मी सहा आठवडे गेले. पोहायला अजून नीट येत नाही, पण छताकडे बघत दहा मिनिटं पडून राहता येतं. पाण्यात तोंडावर लाट आली की श्वास सोडायचा, लाट उतरली की घ्यायचा, एवढी सवय लागली तरी भीती अर्धी होते.

पाण्याची भीती वाटणं आपल्याकडच्या दुष्काळी माणसाला नवं नाही. चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खणायची कामं करत मोठा झाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगला उतरला. आमच्या भिशीत हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाली, "तो सैन्यात होता, मी अश्विनीनगरात आहे." तेही खरंच.

८. नाशिकहून निघताना

कसारा घाट उतरून भिवंडी, शीळफाटा, पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड. साधारण अडीचशे किलोमीटर. नकाशा साडेपाच तास दाखवतो, त्यात भिवंडीचे ट्रक आणि पेणपुढचे खड्डे धरलेले नसतात. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळता येतो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. बाइकवरून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

रात्री बाराला निघून पहाटे पोचायचं आणि थेट राफ्टमध्ये बसायचं, असा बेत तरुण पोरं करतात. करू नका. रात्रभर जागलेल्या माणसाचा हात वल्ह्यावर उशिरा चालतो, आणि परतीच्या वाटेवर गाडी चालवणाराही तोच असतो. आदल्या दुपारी निघा, कोलाडच्या आसपास मुक्काम करा. घरगुती राहण्याच्या सोयी भरपूर आहेत आणि रात्री तांदळाची भाकरी मिळते. सकाळी पोटभर खाऊ नका. दोन केळी, थोडे पोहे. मिसळ तर मुळीच नाही, हे मी अनुभवानं सांगतेय.

९. काठावर

जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे आवळायला लावा, इतके की खोल श्वास घेताना थोडं टोचेल. मग कुणालातरी तुमच्या दोन्ही खांद्यांवरचे पट्टे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. बदलून मागायला संकोच वाटतो, मागे रांग असते. तरीही मागा. हेल्मेट कपाळ झाकून बसलं पाहिजे, टोपीसारखं मागे नाही.

सूचना सांगताना फोटो काढत बसू नका. ती पंधरा मिनिटं म्हणजेच तुमचं सगळं प्रशिक्षण.

१०. राफ्टमध्ये

पहिला धक्का हा की तुम्ही प्रवासी नसता, वल्हवणारे असता. आतमध्ये खाली बसायचं नाही. कडेच्या फुगीर नळीवर बसायचं, अर्धं बूड बाहेर, आणि पाय आडव्या नळीखाली खुपसायचे. तुम्हाला राफ्टमध्ये ठेवतात ते हे पाय, हात नाही.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते. त्या मुठीवरून हात काढायचा नाही. कधीही. माझ्या पाहण्यातल्या सगळ्या जखमा, फुटलेला ओठ, हललेला दात, सुजलेला डोळा, दगडानं नव्हे तर शेजारच्या बाईच्या सुटलेल्या मुठीनं झालेल्या आहेत.

गाइड मागे बसून ओरडतो. तिथले गाइड बरेचसे आसपासच्या गावांतले, काही नेपाळचे, पण हुकूम सगळीकडे तेच. "फॉरवर्ड" म्हणजे पुढे वल्हवा, "बॅक" म्हणजे उलटं. "लेफ्ट बॅक" म्हटलं की डावीकडच्यांनी उलटं, उजवीकडच्यांनी पुढे. "स्टॉप" म्हणजे वल्हं पाण्याबाहेर. "गेट डाउन" म्हणजे आत खाली बसा, दोरी धरा, वल्हं उभं. सगळ्यांत पुढच्या दोघांनी ताल धरायचा, मागच्यांनी त्यांच्याकडे बघून मारायचं. आमच्याकडे पुढे दोन जावा बसल्या होत्या, त्यामुळे ताल काही जमला नाही. दुसऱ्या फेरीला त्यांना वेगळं केलं.

दोन गोष्टी मनाविरुद्ध करायच्या असतात. लाट समोर आली की अंग आकसतं आणि वल्हं थांबतं. नेमकं तेव्हाच जोरात मारायचं, कारण थांबलेली राफ्ट लाटेत आडवी होते. आणि राफ्ट दगडाला टेकली की माणूस दगडापासून लांब झुकतो. तसं केलं की दगडाकडची बाजू उचलली जाते, दुसऱ्या बाजूनं पाणी आत शिरतं आणि राफ्ट उलटते. गाइड ओरडेल त्या बाजूला, म्हणजे दगडाकडेच, उडी मारून अंग टाकायचं. दगडाला मिठी मारायला जातोय असं समजा.

दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. नुसती धरायची.

११. पाण्यात पडलात तर

मी पडले आहे, म्हणून हे नीट सांगते. आधी कान भरतात, मग सगळं पांढरं दिसतं, आणि वाटतं की मिनिटभर आत आहोत. बाहेरच्यांनी नंतर सांगितलं, तीन सेकंद. जॅकेट तुम्हाला वर आणतंच. त्याला तेवढा वेळ द्या, हातपाय झाडू नका.

वर आलात की पाठीवर व्हा. पाय पुढे, म्हणजे नदी जातेय त्या दिशेला, आणि अंगठे पाण्याबाहेर दिसले पाहिजेत. दगड आला तर पायानं ढकलायचा, डोक्यानं नाही.

उभं राहायचा मोह येतो. पाणी मांडीएवढंच आहे असं दिसतं आणि वाटतं, उठावं. मी उठायला गेले. गाइड इतक्या जोरात ओरडला की मी घाबरून पुन्हा आडवी झाले. मागाहून त्यानं समजावलं: पाय दोन दगडांच्या फटीत अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे पालथं पाडतं, आणि मग गुडघाभर पाणीही पुरतं. नियम सोपा आहे, बूड टेकेपर्यंत उभं राहायचं नाही.

राफ्ट जवळ असेल तर तिची दोरी धरा, पण वरच्या अंगानं, म्हणजे पाणी जिकडून येतंय त्या बाजूनं. खालच्या अंगाला राहिलात तर राफ्ट आणि दगड यांच्यामध्ये तुम्ही सापडता. राफ्टखाली आलात तर दोन्ही हात वर टेकवून तिला ढकलत एकाच दिशेनं सरका. ती काही मैलभर लांब नसते.

काठावरून किंवा राफ्टमधून दोरीची पिशवी फेकतील. पिशवी पकडायला जाऊ नका, तिच्यातून सुटलेली दोरी पकडा, छातीशी धरा आणि पाठीवर राहा. हाताला वेढा घालायचा नाही.

एक अपवाद: पुढे पाण्यात आडवं झाड दिसलं तर निवांत पाठीवर तरंगत राहायचं नाही. पालथं होऊन, जीव खाऊन बाजूला पोहायचं. टाळता आलंच नाही तर डोकं पुढे करून खोडावर चढायचं, पाय खाली जाऊ द्यायचे नाहीत.

आत ओढताना गाइड जॅकेटचे खांदे धरून तुम्हाला आधी एकदा खाली दाबतो आणि मग वर खेचतो. बुडवतोय असं वाटतं. बुडवत नसतो, उसळी घेतोय. मी त्याला चावले होते. त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

१२. बाहेर आल्यावर

लगेच कोरडे कपडे. पावसाळ्यात वाऱ्यानं दहा मिनिटांत दात वाजायला लागतात. खरचटलेलं साबणानं धुऊन मलम लावा. राफ्टिंगचा पट्टा रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीच्या वर आहे, त्यामुळे पाणी बरं असतं, पण पावसाळ्यातलं कुठलंही नदीचं पाणी पोटात जाण्यासारखं नसतं. नंतरच्या महिनाभरात अचानक ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांना "नदीच्या पाण्यात गेले होते" हे आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यांना तेवढ्यानं लवकर येतो.

गाइडला वेगळी बक्षिसी त्याच्या हातात द्या, ऑफिसात नको. फोटो आणि व्हिडिओचे पैसे आधी ठरवून घ्या. पाण्यातून आल्यावर आनंदात माणूस काहीही देतो, आणि ते त्यांना माहीत असतं.

खांदे दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी दुखतात. मंगळवारी गेलात तर गुरुवारी पोळ्या लाटायला दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.